तळाला हात लावू नका

४ नोव्हेंबर

ही रोजनिशी मला लिहावी लागते आहे ती ह्यांच्यामुळे. ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे. बोटीवर न्हाणीघर आहे असं ह्यांनी मला घरी सांगितलं होतं. आज चढून पाहिलं तर एक पडदा आणि एक बादली. जाब विचारला, तर म्हणे मी पहिल्यापासून बादलीच म्हणत होतो. तेव्हा आजपासून कोण काय म्हणालं ते तारखेनिशी इथे उतरेल. वही पुढे केली की तोंड बंद.

बाकी सगळं मजेत. घराला कुलूप लावलं, कुंड्या शेजारणीच्या गळ्यात मारल्या. लेकीने फोनवर कपाळाला हात लावला असणार. या वयात लोक बागेत फिरायला जातात, म्हणाली. आम्ही समुद्रात निघालो. किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं, गाव आवडलं तर नांगर टाकायचा, नाही आवडलं तर उचलायचा, असा ह्यांचा बेत. नोकरीत असल्यापासून ह्यांनी हेच घोकलं आहे.

शिडाची बोट जुनी आहे, पण ऐटीत उभी राहते. आत दोन बाकं, झोपताना त्यांच्याच गाद्या. हातभर ओटा, एक शेगडी. सगळी भांडी खणांत कोंबून कड्या घालायच्या, नाहीतर पहिल्याच लाटेला जमिनीवर. मी दिवसभर घासलं. पाणी काळं निघायचं थांबलं तेव्हाच हात थांबवले.

जुना मालक एकटाच होता. सुकलेला, कमी बोलणारा म्हातारा. उतरताना बोटीची कड थोपटत होता, तापाने फणफणलेल्या माणसाला थोपटावं तशी. किल्ल्या देताना त्याने एकच गोष्ट सांगितली. तळाला हात लावू नका, माझ्या बायकोचं तेवढं मागणं आहे. बायको कुठे दिसत नव्हती. ह्यांनी त्याच्या पाठीमागून मला डोळ्याने खुणावलं की गेली असणार, आणि बिचाऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही. आम्ही बरं म्हटलं. बरं म्हणायला काय जातं!

८ नोव्हेंबर

हे बोट चांगली चालवतात, हे कबूल करायला हवं. सुकाणूवर बसले की दहा वर्षांनी लहान दिसतात. गळक्या नळाला हात न लावणारा माणूस इथे शिडाला टाके घालतो. मी आत बसून वाचते, किनारा सरकत राहतो, मन कसं निवांत होतं.

एकच खोड. चहा हवा असला की वरून लाकडावर बोटाची पेरं वाजवतात. टक-टक, जरा थांबून टक. मी सांगून टाकलं की मला माणसाच्या तोंडाने हाक मारा, मी काही दार नाही. तेवढ्यापुरते ओशाळले आणि दुपारी पुन्हा टक-टक. चहा दिला. उशिरा दिला.

१२ नोव्हेंबर

आज एका खाडीच्या तोंडाशी नांगर टाकला. पाणी काचेसारखं. सकाळचा कप हातात घेऊन मी कडेवरून सहज खाली वाकले आणि बोटीचा तळ पाहिला.

शिसारी आली. किडक्या दातांनी भरलेला जबडा असावा तसा सगळा तळ पांढऱ्या-राखाडी कवचांनी गच्च भरलेला. एकावर एक, त्यांच्यावर आणखी. मधून हिरवट बुळबुळीत शेपट्या लोंबत होत्या. कॉलेजात मला प्राणिशास्त्र होतं, तेव्हा हा प्राणी प्रॅक्टिकलला चिमट्यात धरलेला आहे. हा लहानपणी पोहत येतो, आवडेल त्या जागी डोकं चिकटवतो आणि मग जन्मभर उलटा राहून पायांनी खातो. आमचे सर गमतीने म्हणायचे, असा जावई कोणाला मिळू नये. तेव्हा वर्ग हसला होता. आज चहा समुद्रात ओतला.

वर मी भांड्यात तोंड दिसेल असं घर ठेवायचं आणि बसायचं कशावर, तर ह्याच्यावर? ह्यांना म्हटलं, उद्या हे सगळं निघालं पाहिजे. ह्यांनी म्हाताऱ्याची आठवण करून दिली, शब्द दिला आहे म्हणाले. मी विचारलं, बोटीत कोण राहणार, त्याची बायको की मी? (हे मीच म्हणाले. नोंद असू द्यावी.) मग ह्यांनाही पटलं. तळ जड झाला की बोट रेंगाळते, म्हणाले.

१३ नोव्हेंबर

हे पाण्यातला चष्मा लावून उतरले. हातात लांब दांड्याची लोखंडी खरवडणी, मोठ्या उलथण्यासारखी. मी वरून सूचना देत होते. ह्यांनी खालून तोंड वर काढून सांगितलं, हेडमास्तरीण, तुम्हीच उतरा. काम मात्र नीट केलं.

खपल्या निघू लागल्या तशी दुर्गंधी वर आली. मेलेला उंदीर परवडला. जिभेवर चव यावी असा तो वास, गोडसर.

अगदी खाली, मधोमध, एक गठ्ठा काही केल्या सुटेना. गव्हाच्या पोत्याएवढा, ह्यांच्या म्हणण्याप्रमाणे. ह्यांनी दांडा पायाने रेटला तेव्हा तो एकदम निखळला आणि बुडाला. पाणी दुधासारखं गढूळ झालं. माशाची अंडी असतील, हे म्हणाले. गठ्ठ्याच्या जागी लाकडात वाटीसारखा खळगा राहिला होता आणि त्यात काळी केसाची पिन रुतलेली. ह्यांनी ती वर आणली. पिन चांगली, जाड होती. मी साबणाने धुऊन डब्यात ठेवली.

ह्यांच्या हातांना, मानेला खूप खरचटलं आहे. औषध लावलं. तळ ताटासारखा लख्ख. किती दिवसांनी जेवण गोड लागलं.

१९ नोव्हेंबर

तळ अजून तसाच लख्ख. शेवाळाचा एक धागा नाही. शेजारी नांगरलेल्या बोटीवर खालून हिरवी दाढी वाढली आहे आणि तिचा मालक आम्हाला विचारतो की कोणता रंग लावता. मी खुशीत होते.

हे मान खाजवतात. केस वर करून पाहिलं, तर मिठाच्या कण्या. टॉवेलने खसखसून पुसलं. निघाल्या नाहीत.

२३ नोव्हेंबर

मीठ नाही ते.

आज पाठीवर बादलीने पाणी घातलं. पाणी पडताक्षणी मानेपासून कमरेपर्यंत सगळ्या कण्या एकदम उघडल्या. प्रत्येकीतून पिसासारखं काहीतरी बाहेर आलं, पाणी विंचरलं आणि आत गेलं. पुन्हा आलं. मी कडेशी जाऊन ओकले.

ह्यांनी विचारलं, थांबलीस का? बरं वाटतंय, आणखी घाल.

२४ नोव्हेंबर

गावात डॉक्टरकडे नेलं. शर्ट काढायला लावलं तेव्हा सगळ्या कण्या घट्ट मिटलेल्या. डॉक्टरांनी दुरूनच पाहिलं, त्वचेचा जुना विकार म्हणाले, मलम दिलं आणि समुद्रापासून लांब राहायला सांगितलं. कुठे राहता असं विचारलं नाही.

रस्त्यात ह्यांना धाप लागली. ओठ सुकून पांढरे. धक्का दिसल्यावर माझा हात सोडून अक्षरशः पळाले. मी मलम घेऊन मागे.

२७ नोव्हेंबर

मी खरवडलं. स्वयंपाकघरातल्या सुरीने. घरात घाण झाली की मी वाट बघत बसत नाही.

एकेक निघताना आवाज होतो, दात उपटल्यासारखा. खाली रक्त नाही. दुधासारखं पाणी. आणि तोच वास, गोडसर. हे ओरडले नाहीत. हुंदके देत होते. मी थांबले नाही.

संध्याकाळी त्याच जागी दुप्पट. कानांत सुद्धा. सुरी फेकली.

जेवत नाहीत. कडेवर बसून पाय पाण्यात सोडतात आणि तोंड जरा उघडं ठेवतात.

१ डिसेंबर

मोठ्या बंदराबाहेर नांगर टाकला आहे. ह्यांनी कशीबशी बोट इथवर आणली. लेकीला फोन केला, आठवड्याभरात पोहोचते म्हणाली. बाबांना काय झालं विचारलं तर काय सांगू? ये, म्हटलं.

हे दिवसभर पाण्यातच. वर या म्हटलं की नुसते बघतात. दुपारी जवळ बोलावलं. ओठांच्या आतही आहेत. बोललेलं नीट कळेना. मग कळलं. वहीत लिही म्हणाले. मी स्वतः म्हणालो असं लिही. मला वर ओढू नकोस.

लिहिलं आहे. माझ्या मते हे बोलणं त्यांचं नाही.

३ डिसेंबर

सकाळपासून दिसले नाहीत. ह्यांचाच चष्मा लावून पाण्यात तोंड घातलं.

त्या खळग्यात. डोकं त्या खळग्यात बसलं आहे, बरोबर मापाचं. मान, खांदे कवचांखाली गेले. दिसतात फक्त पाय. खाली सोडलेले. मिटतात, उघडतात. मिटतात.

बोटांच्या मधून ते पिसासारखं. पाणी विंचरताहेत.

ह्यांनी रेटून काढला तो गठ्ठा—पोत्याएवढा—म्हाताऱ्याची बायको. ती खाली होती. तेवढंच मागणं होतं तिचं. आम्ही तिला खरवडून—

पिन डब्यात आहे. साबणाने धुतली आहे मी.

४ डिसेंबर

पायाखालच्या फळीखालून आवाज. टक-टक. थांबून टक.

चहा.

केला. बादलीने कडेवरून ओतला. माणूस माझाच आहे. पण वास वर येतो, आणि मला, मला त्यांच्याजवळ—नाही. पाहवत नाही. इतकी वर्षं एका ताटात जेवलो आणि आता नाकाला पदर.

५ डिसेंबर

बंदराचा अधिकारी आला. इथे अशी बोट ठेवता येणार नाही. क्रेनने उचलायची, तळ यंत्राने साफ करायचा, पाण्याचा जोरदार फवारा. परवा. नियम आहे, बाई. मी नको म्हटलं. त्याने खाली वाकून पाहिलं, नाक धरलं आणि मला ऐकवलं, इतकी घाण होईपर्यंत बसता तरी कसं?

मला. हे मला म्हणाला.

एकटीला शीड सुद्धा उभारता येत नाही. यंत्र येण्याआधी कोणीतरी बोट इथून नेली पाहिजे. कोणीही.

६ डिसेंबर

एक जोडपं आलं. नवीनच लग्न. बोट विकायची का? हो. किती? न्या.

तिने ओट्यावरून बोट फिरवून पाहिलं. माझ्यासारखंच. भांडी बघून खूश झाली. काकू, घर लख्ख ठेवलंय हं तुम्ही.

उद्या सकाळी नेणार.

७ डिसेंबर

आज दिलं ते. किल्ल्या. शिडं, एक धड, एक ह्यांनी टाके घातलेलं. नांगर साखळीसकट. शेगडी, भांडी. बादली, न्हाणीघर म्हणून नाही, बादली म्हणूनच दिली.

दिलं नाही ते. पाण्यातला चष्मा. पिन. खरवडणी, ती पहाटेच खोल पाण्यात टाकली.

तळाला हात लावू नका, म्हटलं. माझ्या ह्यांचं तेवढं मागणं आहे.

तिने माझे दोन्ही हात धरले. नवऱ्याने तिला डोळ्याने खुणावलं. मी पाहिलं. ती खूण मला ठाऊक आहे.

मग सगळं सांगितलं. पाय, डोकं, सगळं. पुन्हा सांगितलं. मान डोलवत राहिली. लेक कधी येते तुमची, काकू? पाणी देऊ का?

धक्क्यावर बसून लिहिते आहे. बोट त्यांनी धक्क्याला आणून लावली आहे, अजून समोरच. खालून टक-टक. थांबून—ती हसली. लाकूड बोलतं म्हणाली.

अहो, तारखेनिशी लिहिलं आहे. मी सांगितलं होतं त्यांना. उद्या मला म्हणू नका की मी—

ती कडेवरून वाकून बघते आहे. तोंडाला हात लावला. पिशवी उघडली तिने. नवी कोरी. लांब दांड्याची. त्याला सांगते आहे, आत्ताच उतर, तासाभराचं तर काम, असल्या घाणीवर मी नाही—