रेमीच्या मापाची सीट

प्रिय रेमी,

तुझं पत्र मिळालं. दोन्ही पाय मोडलेत, पण अक्षर काय झकास! तू रेसिंग ड्रायव्हर नाही, कारकूनच शोभला असतास, हे मी तुझ्या आईला केव्हाच सांगितलं होतं. काल तिने चीजची ताटली माझ्यापुढे आदळली आणि म्हणाली, पोराला जरा गोड शब्दांत लिहा. तर बघ, लिहितोय.

कारखान्यात धावपळ आहे. चोवीस तासांच्या शर्यतीसाठी गाडी हलकी करतोय. दारांची अस्तरं काढली, हीटर काढला, रंगसुद्धा खरवडला. म्हातारा फेर्नां म्हणतो, मालक, चाकं तेवढी राहू द्या!

अपघाताचं सगळेच विचारतात. मी खरं तेच सांगतो. पुढची इटालियन गाडी घसरली, तिचा ड्रायव्हर वाचावा म्हणून माझ्या मुलाने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला आणि आमची गाडी भिंतीवर घातली. लोक तुला देवमाणूस म्हणतात. म्हणोत बापडे. मी शर्यती जिंकून हा कारखाना उभा केला, कुणासाठी पाय उचलून नाही.

आपली सीट तयार आहे ना, असं विचारलंयस. आठवतं, ओल्या प्लॅस्टरमध्ये बसवून तुझ्या पाठीचा साचा घेतला होता? हलू नयेस म्हणून फेर्नां तुला सफरचंदाची दारू, सायडर, पाजत होता, आणि सोलेन गवताच्या काडीने तुझ्या नाकाला गुदगुल्या करत होती. तेव्हा तुमचं लग्नही झालं नव्हतं. तू शिंकलास, आणि डाव्या बाजूला त्या शिंकेची वळी कायमची उमटली. किती हसलो होतो रे सगळे!

परवा ती सीट कापली. खांद्याकडून बोटभर, कमरेकडून जरा जास्तच. शर्यतीला सोलेन बसणार आहे. चाचणीत तुझी बायको तुझ्यापेक्षा वेगात गेली. वळणावर फेर्नांची व्हॅन आडवी आली, तरी पोरीने पाय उचलला नाही. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? उतरल्यावर एवढंच म्हणाली, पापा, ती वळी टोचते, घासून टाका. टाकली. रेमीला कोण सांगणार, असं विचारलं तर हेल्मेट पुसत म्हणाली, तुम्हीच लिहा ना, तुम्हाला जमतं. शर्यत होईपर्यंत तिला तिकडे इस्पितळात यायला जमणार नाही. तू सावकाश बरा हो. आता घाई नाही.

तुझाच,
पापा