सुरक्षा समन्वयकाचं पिवळं जॅकेट

२२ सप्टेंबर, सोमवार
नोटीस लागली. कॉलेजचा सुरक्षा समन्वयक : हरीओम. तीनदा वाचली. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये बावीस वर्षं परीक्षानळ्या मी धुतोय, आणि समन्वयक कोण, तर रिसोडहून परवा आलेला लॅब असिस्टंट! त्याला पिवळं जॅकेट मिळालं. पाठीवर चमकती पट्टी. वर शिट्टी. मला जळायचं काही कारण नाही. फक्त जेवण गेलं नाही.

२३ सप्टेंबर
संकल्प : हरीओमकडे लक्ष द्यायचं नाही.
दुपारी ४. त्याने आज अकरा वेळा शिट्टी वाजवली.

२५ सप्टेंबर
हरीओमने लॅबच्या दाराशी वाळूच्या बादल्या ठेवल्या. घर बांधून राह्यला काय रे, असं मी सगळ्यांसमोर विचारलं. ऑफिसमधल्या सपना मॅडम हसल्या. त्या माझ्या बाजूच्या आहेत. नंतर त्यांनी हरीओमला डब्यातला ठेचा दिला. त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

२७ सप्टेंबर
बायकोला सगळं सांगितलं. रंगू म्हणाली, तुमाले कायले पाह्यजे ते जॅकेट, भाजी आणाले? तिला मोठ्या गोष्टी कळत नाहीत. जॅकेट हरीओमला ढगळ होतं, हे मी लांबून पाहिलंय. माझंच माप आहे. म्हणजे जॅकेट विकत घेणाऱ्याच्या मनात मीच होतो. सहा तारखेला कॉलेजच्या सुरक्षेची तपासणी. तो फसला की जॅकेट माझं.

३० सप्टेंबर
उद्या खंडेनवमी. लॅबची पूजा दरवर्षी माझ्याकडे. यंदा अशी करायची, की या कॉलेजचा खरा रखवालदार कोण ते प्रिन्सिपल सरांना दिसलं पाहिजे.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
सकाळी ९. वजनकाट्याला हार, बर्नरला हार. आग विझवायच्या लाल सिलिंडरला खास मान : हार, कुंकू आणि मुठीला पूजेचा लाल नाडा, सात गाठी मारून. हरीओम म्हणाला, काका, नाडा सोडा, वक्तावर मूठ दबनार नाही. जळतो बिचारा.
१०.३०. उदबत्ती खोचायला काही सापडेना. फिल्टर पेपरच्या गठ्ठ्यात खोचली. छान दिसते.
११.१५. आग. आधी गठ्ठा, मग पडदा. सिलिंडरकडे सगळ्यांत आधी मीच धावलो, याची नोंद असावी. पण गाठी माझ्या हातच्या. चौथ्या गाठीपर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात हरीओमने वाळूच्या दोन बादल्या ओतल्या. घाई फार त्याला.
माझी डावी भुवई गेली. नाडा मात्र उत्तम प्रतीचा निघाला.

३ ऑक्टोबर
हरीओमने अपघात रजिस्टर उघडलं. पहिल्या पानावर पहिलंच नाव माझं. बावीस वर्षांत कॉलेजच्या कुठल्या कागदावर मी पहिला नव्हतो. कारणाच्या रकान्यात 'उदबत्ती'. खाली त्याने लिहिलंय, आग विझवताना इंद्रभानकाकांनी मदत केली. खोटं आहे. त्याचा हा चांगुलपणाच माझ्या डोक्यात जातो.

६ ऑक्टोबर
तपासणी. आगीची रंगीत तालीम झाली. प्रिन्सिपल सरांनी मलाही काम दिलं : जखमी. म्हणाले, भुवईमुळे खरं वाटतं.
हरीओमने स्ट्रेचर उचललं. काका, हालू नका, पडसान, म्हणाला. मी हाललो नाही. ग्राउंडवर टाळ्या पडल्या, त्याला. सपना मॅडमची सगळ्यांत मोठी.
जॅकेट माझ्या नाकापासून वीतभर होतं. आज पहिल्यांदा जवळून पाहिलं. ढगळ नाही. खांद्यात त्याला बरोबर बसतं.