मागे तोंड केलेले स्पीकर

१४ जून
माफ कर, वही. मार्चनंतर आज उघडतोय तुला. निमित्तही काही थोर नाही – बोटीच्या कमानीवरचे दोन्ही स्पीकर गेले. डावा खरखरतो, उजवा मुका.
बायको, मार्लिस, वेकबोर्डवरून – बोटीमागे दोरीनं ओढतात त्या फळीवरून – परत आली, दोरी गुंडाळून ठेवली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "स्पीकर होऊ देत दुरुस्त. मग बोलू. मला जरा बोलायचंय."
हा 'जरा' मला आवडला नाही.

१५ जून
आमच्या घरात भांडण होत नाही. केबिनच्या भिंती पातळ, शेजार चिकटून, आणि इथे सगळ्यांचं वळणच असं की आवाज चढवायचा नाही. म्हणून काही साचलं की आम्ही बोट तळ्याच्या मध्यावर नेतो, इंजिन बंद करतो, गाणी मोठ्यानं लावतो आणि मग बोलतो. गाण्याखाली सगळं झाकलं जातं. इतक्या वर्षांत काठावर कुणाला पत्ता नाही. ही युक्ती माझी. थोडा अभिमान आहे.
आता स्पीकर नाहीत, तर आम्ही पाहुण्यांसारखे वागतोय. "बटाट्याचं सॅलड घेशील?" "नाही नाही, तू घे आधी."

१७ जून
उजवा उघडला. आत गांधीलमाशांचं घर! रिकामं होतं, नशीब. तारांची टोकं पाण्यानं हिरवी पडलेली. घासली, नवी जोडली. डाव्याचा पडदा फाटलाय, त्याला डिंक लावला.
पलीकडच्या धक्क्यावरून आर्विडकाका आले. तळ्यातल्या लून पाणपक्ष्यांना त्रास होतो म्हणून तळ्याच्या प्रत्येक सभेत हाच माणूस आवाजाविरुद्ध उभा राहतो. मी आधीच क्षमा मागून टाकली. ते म्हणाले, "छे छे. काठ कसा सुना झालाय, मास्तर. चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या आत होईल ना?"
ओशाळलो. माणसाबद्दल किती चटकन मत करून घेतो मी.

१८ जून
डावा बोलला! अर्धं गाणं. मग जळका वास.

१९ जून
दुरुस्तीचा नाद सोडला, नवी जोडी मागवली. आधीच्यापेक्षा मोठी. गरज होती का? दुकानदाराला विचारलं, तो म्हणाला गरज कधीच नसते.

२३ जून
आर्विडकाकांची बायको, बेरिट, लिंबाच्या वड्यांचं ताट धक्क्यावर ठेवून गेली. "काम करणाऱ्यासाठी." काल त्यांच्या शेजारच्यांनी स्क्रूड्रायव्हरचा अख्खा संच आणून दिला. एका स्पीकरसाठी एवढा जिव्हाळा? मी यांच्यासाठी कधी काय केलंय?
संध्याकाळी धक्क्यावर उतरलो तर मार्लिस चालकाच्या खुर्चीत. हात सुकाणूवर. मला पाहून पटकन उठली. निरोप घेत असल्यासारखी वाटली. मी विचारलं नाही. विचारणार कुठे? स्पीकर बसलेले नाहीत.

२५ जून
नव्या जोडीचे क्लॅम्प कमानीच्या नळीला ढिले होतात. रबराची पट्टी गुंडाळून बसवले. स्क्रू चारदा तपासले. ही खबरदारी की चालढकल? मुलांच्या निबंधांवर मी बेधडक शेरे मारतो आणि इथे बायकोचं एक वाक्य ऐकायला घाबरतो. जायचं असेल तिला तर? तक्रार करण्यासारखं मी काही केलेलं नाही असं मला वाटतं. पण ते मी ठरवायचं नाही.
मागचा आरसाही पुसला. तो माझ्या उंचीला लावलेला आहे. त्याला कुणी हात लावायचा नाही, सुकाणूलाही नाही, हा या बोटीवरचा एकमेव नियम. दोरीच्या टोकाला फळीवर असलेली मार्लिस मला त्यातच दिसते.

२७ जून
नळीतून तार ओढायला आर्विडकाकांनी मासेमारीचा दोरा दिला, वर उभं राहून सूचनाही. सगळं जोडलं, लावलं – आवाज पिचका! एका स्पीकरच्या तारा उलट्या जोडल्या होत्या. सुलट्या केल्या आणि बाप रे. छातीत घुमतं. तोंडं नेहमीसारखी मागे, फळीवरच्या माणसाकडे.
मार्लिस म्हणाली, "परवा जाऊ या."

२९ जून
गेलो. मधलं पाणी, इंजिन बंद, गाणी पूर्ण आवाजात. मार्लिस समोर बसली, माझे दोन्ही हात धरले आणि घसा ताणून बोलू लागली.
एक अक्षर ऐकू आलं नाही.
नवे स्पीकर फारच चांगले आहेत. आवाज कमी करावा तर काठावर सगळं कळणार. पुन्हा विचारावं तर तिचा चेहरा असा, की इतके दिवस तोंडाशी आलेलं आता एकदाच निघतंय. शेवटी ती थांबली. उत्तराची वाट पाहत होती. मी म्हणालो, "हो." मग जोरात, "हो, अगदी!"
ती रडली, हसली, माझ्या गळ्यात पडली. तेवढ्यात काठावर लोक टाळ्या वाजवताना दिसले. मी हात हलवून आभार मानले – म्हटलं, चला, कामाची कदर झाली.
परतताना ती गुणगुणत होती. सोडून जाणारी बाई गुणगुणते? की सुटका झाली म्हणून? कशाला हो म्हटलं मी?

३० जून
दोरा परत द्यायला गेलो. आर्विडकाकांनी खांद्यावर थाप मारली. "शाब्बास, मास्तर. तू हो म्हणशील असं वाटलं नव्हतं मला."
मी म्हणालो, कशाला?
"म्हणजे काय? स्पीकरची तोंडं मागे, गाणी जातात तळ्याच्या त्या समोरच्या काठाला. तुम्ही त्यावर ओरडता ते सगळं येतं आमच्याकडे. वर्षानुवर्षं खुर्च्या टाकून बसतो आम्ही. अरे, चार तारखेला बोट ती चालवणार आणि फळीवर तू! काय म्हणाली ती… 'इतकी वर्षं हा मला आरशात बघतो, एकदा मला बघू दे त्याला.' बेरिटला रडू आलं."
मी आजवर फळीवर उभा राहिलेलो नाही.
काही ऐकू आलं नव्हतं, हे मार्लिसला सांगायला हवं. की नको? 'हो' खरंच होतं. फक्त कशाला, ते ठाऊक नव्हतं.
उद्या: आरसा मार्लिसच्या उंचीला लावून देणे.