झाकणावरचं नाव

१६ नोव्हेंबर, दुपार

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तू ते घेशील की नाही कुणास ठाऊक, पण थोरल्या बहिणीने पत्र कोरडं सुरू करू नये, म्हणून लिहिले. इकडे सगळं ठीक. तिकडे तूही ठीक असशील असं धरून चालते. आत्या सांगत होती, हॉटेलच्या धुलाईखात्यात आता तुझ्या हाताखाली चार बायका आहेत आणि चादरीची तुझ्यासारखी घडी एकीलाही जमत नाही. लहानपणी स्वतःचं पांघरूण पलंगाखाली ढकलून शाळेत पळणारी तू! ऐकून हसू आलं आणि बरंही वाटलं.

बेकरीची खबर म्हणशील, तर ओव्हनच्या दाराची बिजागरी एकदाची तुटली. नवी बसवली. आता दार कुरकुरत नाही, त्यामुळे मला दिवसभर चुकल्यासारखं होतं. समोरचा चष्मेवाला अजून रोज एकच पाव नेतो आणि कालचा शिळा होता म्हणून कुरकुर करतो, तीही कालचा पूर्ण खाऊन झाल्यावर. पिठाच्या रिकाम्या पोत्यांवर मांजर व्यायली आहे. बाबा असते तर त्यांनी आधी घर डोक्यावर घेतलं असतं आणि मग गुपचूप दुधाची बशी नेऊन ठेवली असती.

पत्रासोबत एक खोकं आहे. पावाच्या गाडीचा ड्रायव्हर तुमच्या हॉटेलवरून जातो, तो तुझ्याच हातात देईल असं त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं आहे. आत पाय आहे. तुझाच, तो भोपळ्याचा गोड पदार्थ, चॉकलेट बिस्किटांच्या बेसवरचा. तीन वर्षांत आज पहिल्यांदा केला. लोक विचारायचे गं अधूनमधून. चष्मेवाला म्हणायचा, "भोपळ्याला पाय फुटले होते, ते पळाले कुठे?" मी हसायचे आणि पाव पुढे करायचे.

सगळं तुझ्या वहीतल्यासारखं केलं. भोपळ्याच्या फोडी भाजून घेतल्या, गर काढून रात्रभर फडक्यात टांगला, नाहीतर पाणी सुटतं. काळ्या बिस्किटांचा चुरा लाटण्याने केला, यंत्राने नाही. त्यात पातळ केलेलं लोणी. वाटीच्या बुडाने दाबून दाबून टिनच्या कडेवर चढवला. दोनदा ढासळला, मी त्याला दोनदा शिव्या घातल्या, मग मुकाट्याने बसला. नुसता बेस दहा मिनिटं भाजला. मग गर, अंडी, साय, साखर, दालचिनी, सुंठ, किंचित जायफळ. मधला भाग जरासा थरथरत असताना बाहेर काढला.

आणि हो, घड्याळ लावून भाजला. तुझं ते लाल कोंबडीचं घड्याळ, पिळलं की टिकटिकतं आणि वेळ झाली की किंचाळतं. ते तू इथेच विसरून गेलीस. की मुद्दाम ठेवून गेलीस? बाबांचा नियम तुला माहीतच आहे. ओव्हनला घड्याळ नाही, नाक लागतं. वास गल्ल्यापर्यंत आला की ट्रे बाहेर. मीही जन्मभर तसंच भाजत आले. तरी आज तुझं घड्याळ लावलं, कारण

थांबते जरा. कुणीतरी आलंय वाटतं दुकानात.

१७ नोव्हेंबर, सकाळ

काल दुकानात कुणीही आलं नव्हतं. पुढचे शब्द लिहवेनात म्हणून उठले. ट्रे पुसले, पुसलेलेच परत पुसले. आज दुकान दहापर्यंत बंद ठेवून बसले आहे.

धाकटे, मला वास येत नाही.

सर्दी नव्हे. अजिबात येत नाही, कशाचाच नाही. शाळेच्या त्या निरोप समारंभाआधीच्या हिवाळ्यात मी आठ दिवस तापाने पडले होते, आठवतं? ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी झालं. आज येईल, उद्या येईल म्हणत राहिले. बेकरीवालीला वास येत नाही, हे बाबांना कुठल्या तोंडाने सांगू? त्यांनी तर मला दहाव्या वर्षी डोळे बांधून पाव ओळखायला शिकवलं होतं. मग मी नाटक करायला लागले. पावाला नाक लावायचं आणि मान डोलवायची. पावाचा रंग दिसतो, त्यावर निभावून नेलं. तुम्ही दोघंही फसलात.

तुझ्या पायला मात्र फसवता येत नव्हतं. पिठाचा बेस सोनेरी झाला की डोळ्यांना कळतं. तुझा बेस कच्चा काळा, भाजलेला काळा आणि करपलेलाही काळाच.

त्या सकाळी मुख्याध्यापिकाबाईंच्या निरोप समारंभासाठी बारा पाय द्यायचे होते. तुझी पहिली मोठी ऑर्डर. तू पहाटे येऊन बारा बेस भाजलेस, मांडणीवर ओळीने ठेवलेस. भाजणाऱ्याने खोक्याच्या झाकणावर आपलं नाव घालायचं हा बाबांचा दंडक, म्हणून बाराही झाकणांवर पेन्सिलीने "धाकटी" लिहिलंस. इतक्या जोरात की पुठ्ठ्यावर वळ उठले. मग दालचिनी आणायला बाजारात गेलीस. बेस भाजून झालेत हे मला सांगितलं नाहीस, कारण सांगायची गरजच नव्हती. खोलीभर वास दरवळत असणार. नाक असलेल्या कुणालाही कळलं असतं.

मला वाटलं, कच्चे आहेत. पाव नुकतेच काढले होते, ओव्हन चांगला तापलेला. तुला मदत म्हणून मी ते बाराही परत आत ढकलले आणि वास गल्ल्यापर्यंत येण्याची वाट बघत उभी राहिले. सवयच ती, काय सांगू! जो येणारच नाही त्याची वाट बघत मी गिऱ्हाइकं करत होते. चष्मेवाला दारातूनच ओरडला, "बाई, काही लागलंय का?" तेव्हा धावले. बघितलं, तर बेस काळे. नेहमीसारखेच. मी त्याला म्हटलं, "पावाचा चुरा पडलाय ओव्हनच्या तळाला." बेस काढून परत मांडणीवर ठेवले, दारं-खिडक्या उघडल्या. तू आल्यावर तूही तेच विचारलंस आणि मी तुलाही तेच उत्तर दिलं. मग दोघींनी मिळून सारण भरलं. पुढे मसाल्याच्या वासाखाली सगळं झाकलं गेलं असणार. अख्खा पाय कापून चाखायचीही सोय नसते.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने माहीत नाही. बाईंनी पहिला घास घेतला आणि पाण्याचा पेला ओढला. एकेक बशी टेबलावर परत आली. बाबांनी चाखलं, चमचा खाली ठेवला आणि खोक्याचं झाकण उलटं करून नाव वाचलं.

"हे तू भाजलंस?"

"हो बाबा. दहाच मिनिटं, घड्याळ लावून."

तू हे म्हणालीस त्या क्षणी मला सगळं कळलं. पाऊल पुढे टाकून "बाबा, मी" एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी मी काय म्हणाले? "मग इतका कडू कसा झाला?" खोटं एक अक्षर बोलले नाही बघ. नुसता प्रश्न विचारला. त्या प्रश्नामागे मी तीन वर्षं लपून बसले आहे.

"घड्याळाकडे बघतेस, ओव्हनकडे बघत नाहीस," बाबा भर सभागृहात म्हणाले. "उद्यापासून ओव्हनला हात लावायचा नाही." तू माझ्याकडे वळून विचारलंस, "ताई, तू पाहिलेस ना बेस? चांगले होते ना गं?" मी टेबलावरच्या कापडाची सुरकुती काढत राहिले. आठव्या दिवशी तू गेलीस. महिन्याने बाबांनी किल्ल्या माझ्याकडे दिल्या.

आणखी एक राहिलं. ते लिहिलं नाही तर हे पत्र चुलीत गेलेलं बरं. बाबा वारले, त्याच्या दोन दिवस आधी त्यांनी मला जवळ बसवून विचारलं, "धाकटीला मी फार बोललो का गं?" त्यांना तुला बोलवायचं होतं, धाकटे. फक्त कुणीतरी "हो" म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "नाही बाबा, तुमचं बरोबर होतं." त्यांनी डोळे मिटले. ते गेल्यावर तू आलीस, दारात उभी राहिलीस आणि पाणीही न घेता परत फिरलीस. तेव्हाही मी बोलले नाही.

मग आत्ताच का, असं विचारशील. गेल्या महिन्यात ओव्हनचं बटण रात्रभर उघडं राहिलं. सकाळी मी काडी ओढणार, इतक्यात पोस्टमनने मला मनगटाला धरून रस्त्यावर ओढलं. "गॅस भरलाय आत! वास येत नाही तुम्हाला?" भररस्त्यात ओरडला. मी पहिल्यांदाच खरं बोलले. म्हटलं, "नाही येत." पायरीवर बसले आणि मनात एकच आलं, मी आत्ता गेले असते तर धाकटी जन्मभर समजत राहिली असती की ते तिच्या हातून करपले. डॉक्टरांनाही दाखवलं. इतक्या वर्षांनी वास परत येणार नाही, म्हणाले.

मग मुख्याध्यापिकाबाईंच्या घरी गेले. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, अगदी वर्गात बघायच्या तसं. "मला कशाला सांगतेस? माझं काय गेलं, एक घास. जिचं गेलं तिच्याकडे जा." जायची हिंमत झाली नाही. म्हणून हे पत्र आणि हे खोकं.

मी तुला परत ये म्हणत नाही. तो अधिकार मी स्वतःच्या हाताने घालवला. माफ केलं असंही घाईने म्हणाली नाहीस, तरी चालेल. फक्त एक काम कर. झाकण उघड आणि खायच्या आधी वास घे. तो कसा झाला आहे ते मला खरंच माहीत नाही. करपला असेल तर फेकून दे आणि तसं स्पष्ट कळव. चांगला असेल, तर तुझी दहा मिनिटं बरोबर होती. तेव्हाही बरोबर होती. तुझ्या हातात काही खोट नव्हती, हे बाबांना कळायला हवं होतं. माझ्यामुळे कळलं नाही.

या खोक्याच्या झाकणावर मी माझं नाव घातलं आहे. ती बारा झाकणं शाळेच्या कचऱ्यात कधीच गेली. त्यांच्यावरचं नाव खोडायला आता काही उरलेलं नाही, म्हणून इथे लिहिते.

ते बाराही पाय भाजणारी,
थोरली