तुमची आयरिश बाई

मॅडम, तुमची ती आयरिश बाई मी अखेर सगळी वाचून काढली. शेवटचं पुस्तक परवा संपलं आणि ते आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं. तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली, तरी चांगलं पुस्तक मिटलं की माझं मन अजून आधी तुमच्याकडेच धावतं.

२०१४ साली तुम्ही तलासरीच्या कॉलेजात आलात तेव्हा आम्हाला इंग्रजीची नुसती धास्ती होती. वर्गातली निम्मी मुलं घरी वारली बोलायची, काही गुजराती, मी आमची किनाऱ्यावरची मराठी. तुम्ही पार विदर्भातल्या. केस पिकायला आलेले आणि म्हणे ही पहिलीच नोकरी, याचं आम्हाला केवढं नवल! तुमचं ‘करून राहिले’ ऐकून मागच्या बाकावर खसखस पिकली, तेव्हा तुम्ही म्हणालात, “हसून घ्या. मग मला तुमचं शिकवा.” आणि पुस्तक न उघडता त्या लेखिकेची गोष्ट सुरू केलीत. आयर्लंडातल्या एका खेड्यात तिच्या वडिलांचं किराणा दुकान. भाऊ एकेक करून बोटीने अमेरिकेला गेले, आई अंथरुणाला खिळली, आणि ही मागे राहिली. गिऱ्हाईक नसलं की काउंटरमागे बसून साखरेच्या कागदी पिशव्यांच्या पाठीवर लिहायची. पहिली कादंबरी छापून आली तेव्हा तिचेही केस पिकले होते. गावाने ती वाचली आणि ज्याला त्याला वाटलं, ही माझ्यावरच लिहिली आहे. दुकानात कुणी फिरकेना. “मग तिने काय केलं, मॅडम?” माझ्या शेजारी बसणाऱ्या, सायवन गावच्या मैत्रिणीने विचारलं. “दुसरी लिहिली,” तुम्ही म्हणालात. “गिऱ्हाईक नव्हतं ना, वेळच वेळ होता.”

तिची वाक्यं तुम्ही आम्हाला घरच्या बोलीत म्हणायला लावायचात. माणूस दुकानात मीठ मागायला येतो, पण त्याला सांगायचं असतं भलतंच, असं तिचं एक वाक्य होतं. सायवनच्या मैत्रिणीने ते वारलीत म्हटलं. तिच्या पाड्यावरच्या कुणी म्हातारीने ओट्यावर बसून म्हटल्यासारखं ते वाटलं. माझी इंग्रजीची भीती त्या दिवशी गेली.

तुम्ही डहाणूत खोली घेतली होती, आमच्या चिकूच्या वाडीपासून जवळच. पहिल्यांदा घरी आलात तेव्हा बाबांनी कौतुकाने चिकूची पेटी पुढे केली. तुम्ही त्यातला एक उचललात, पदराला पुसलात आणि बाबा हां हां म्हणेपर्यंत कचकन चावलात. चिकाने तुमचे ओठ चिकटले. “अवो मॅडम, आत्ता झाडावरनं उतरवलाय तो! चार दिवस थांबायला लागतं त्याला!” बाबा ओरडले. तुम्हाला बोलता येईना, पण हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. पलीकडच्या खोलीत आई पलंगावर पडल्या पडल्या हसत होती. अर्धांगवायूनंतर तिला तसं हसताना मी फार दिवसांनी ऐकलं.

बी.ए. संपत आलं आणि मला पुण्याला एम.ए.साठी प्रवेश मिळाला. दादा वापीला कंपनीत, आई अंथरुणावर. बाबांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. तुम्ही समजवायला आलात तेव्हा आम्ही दोघं अंगणात चिकू निवडत बसलो होतो. तुम्ही बाबांना त्या लेखिकेची सगळी गोष्ट सांगितलीत. बाबांनी हातातलं काम न थांबवता ती ऐकली आणि विचारलं, “मंग ती बाई गेली काय गाव सोडून?” मी तुमच्याकडे बघत मनात म्हणत होते, हो म्हणा. आमच्या वाडीतलं कोण तिथे जाऊन खात्री करणार होतं?

“नाही, काका. शेवटपर्यंत गावातच राहिली.”

“आईला बघत?”

“आईला बघत.”

“आणि पुस्तकं पण लिवली! मंग झालं की!”

मला तुमचा असा राग आला, मॅडम! तुमच्याच लेखिकेने माझी वाट बंद केली होती. तुम्ही ढिगातला एक चिकू उचललात, परत ठेवलात. मग हळूच म्हणालात, “तिनं एके ठिकाणी लिहिलंय, काका. घरात मागे राहिलेल्या मुलीची एक खुर्ची असते. सगळे तिला बस, बस म्हणतात. तिला उठायचंय का, हे कुणी विचारत नाही.” तुम्ही चहाही न घेता निघून गेलात.

दिवस मावळायला आला तरी मी तिथेच बुटक्या स्टुलावर बसून लहान-मोठे चिकू वेगळे करत होते. बाबा समोर येऊन उभे राहिले. “बाय,” ते म्हणाले, “तुला उठायचंय काय?” मी हो म्हटलं आणि मोठ्याने रडले.

मी पुण्याला गेल्यावर बाबा आईची वेणी घालायला शिकले. पहिले काही दिवस वेणी वाकडी होऊन कानावर यायची, असं आईच फोनवर सांगायची. जाताना बाबांनी दिलेली कच्च्या चिकूची पेटी हॉस्टेलवर पिकली तेव्हा खोलीभर आमच्या अंगणाचा वास सुटला. मी दुसऱ्या वर्षाला असताना तुम्ही गेल्याचा फोन आला. मला पोचता आलं नाही.

आता मी शिकवते, आणि तुमची ती बाई माझ्याही वर्गात येते. मिठाचं वाक्य मला तिच्या दुसऱ्या कादंबरीत सापडलं, जसंच्या तसं. खुर्ची मात्र कुठेच नाही. मी पुन्हा पहिल्यापासून शोधली. उलट शेवटच्या पुस्तकात ती स्वतःबद्दल लिहिते, तेव्हा म्हणते की काउंटरमागे ती सुखात होती, कुठे जावंसं तिला कधी वाटलंच नाही. तिचं आयुष्य तुम्ही बाबांना खरं खरं सांगितलंत, माझं नुकसान होत असतानाही. ते एकच वाक्य तिचं नव्हतं.

गेल्या आठवड्यात शेजारचे काका मुलीला नर्सिंगला लांब पाठवावं की नाही म्हणून बाबांकडे बसले होते. “आयर्लंडात एक बाई होती,” बाबांनी सुरुवात केली आणि खुर्चीपर्यंत आले. मी चहा देत होते. मी त्यांना दुरुस्त केलं नाही, पुढेही करणार नाही.

हे पत्र तिच्या शेवटच्या पुस्तकात घालून ठेवते. मॅडम, केस पिकल्यावर तुम्हाला पहिली नोकरी का, याचं आम्ही वर्गात नवल केलं, हसलोसुद्धा. पण तुमच्या घरी तुम्हाला उठायचंय का म्हणून कुणी विचारलं होतं का, हे मी तुम्हाला कधीच विचारलं नाही.