रविवारच्या बैठकीआधी

प्रिय सई,

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही दोघं धडधाकट आहोत. फोनवर बोलायचं तर तुझे बाबा लगेच स्पीकर लावतात. मग जावयांच्या तब्येतीपासून आमच्या पपईपर्यंत सगळं बोलून होतं, माझं मात्र मनातच राहतं. आपल्या वस्तीतली मेघा उद्या पुण्याला निघाली आहे, तिच्याकडे देतेय. एकटी असताना वाच.

तू वैशाखात बाळंतपणाला येणार म्हटल्यापासून बाबांचे पाय जमिनीला लागत नाहीत. खोलीला रंग झाला, पाळण्याला दोर झाला, आता बोअर घ्यायचा म्हणतात. बोअर मारायची गाडीसुद्धा सांगून ठेवली आहे. बजाजनगरचं घर सोडून पडेगावच्या पुढे या माळावर आपण आलो, ते सहा घरांनी मिळून एका विहिरीवर राहायचं ठरवून. आंघोळीचं पाणी कर्दळीच्या वाफ्यातून गाळून भाजीला, स्वयंपाक गोबरगॅसवर, आणि बोअर कुणीही घ्यायचा नाही. हा शेवटचा नियम तुझ्याच बाबांचा. सगळ्यांना समोर बसवून, कंपनीत मीटिंग घ्यायचे तशी घेऊन, त्यांनी तो गळी उतरवला होता. आता तेच म्हणतात, नियम माणसांसाठी असतात. काल मी दोन शब्द बोलले तर भरल्या ताटावरून उठले. मला इतका राग आला की मीही जेवले नाही, आणि मग भुकेने आणखी राग आला.

उन्हाळ्यात विहीर तळाला जाते, हे खोटं नाही. बाळंतिणीचं न्हाणं, दुपटी, लंगोट, मला काय कळत नाही? पण आपल्या उताराला नूरमोहम्मदभाईंची विहीर आहे, त्यांची मोसंबी त्याच पाण्यावर. मागे वरच्या अंगाला कुणीतरी बोअर घेतला, तेव्हा ती चैत्रातच आटली आणि निम्मी बाग त्यांना स्वतःच्या हाताने तोडावी लागली. पुन्हा तसं झालं तर उरलेलीही जाईल.

आपल्या वस्तीत एकानेही नाही म्हटलं तर गोष्ट तिथंच थांबते. म्हणून मी आबेदाकडे गेले. ती नूरमोहम्मदभाईंची सख्खी बहीण, राहते आपल्या शेजारच्या घरात. वाटलं, ती तरी अडवेल. भाकरी थापता थापता, वर न बघता म्हणाली, "ताई, लेकीच्या बाळंतपणासाठी मागायलेत. मी नाय कशी म्हणू?" बाकीच्या घरांतही तेच. तुझं नाव निघालं की नाही म्हणायला कुणी धजत नाही. उरले मी.

रविवारी बैठक आहे, आणि मी नाही म्हणणार आहे. बाबा म्हणतील, आईने लेकीचं माहेर बंद केलं. ते ऐकायची मला आत्तापासून धास्ती वाटते. तू ये गं. वाट्याला येईल त्या पाण्यात आधी तुझं आणि बाळाचं करीन, मग आमचं. नाही जमणार वाटलं तर तिथंच थांब, मी डिंकाचे लाडू घेऊन येईन आणि तुझ्या सासूबाई कंटाळेपर्यंत राहीन. काहीही ठरव, मी रुसणार नाही.

पण शनिवारी बाबा तुला फोन लावून माझ्या हातात देणार आहेत. तिनेच सांगितल्यावर बघतो कशी नाही म्हणतेस, असं म्हणालेत. सई, त्या फोनवर माझ्याकडे पाणी मागू नकोस. तू मागितलंस तर मी हो म्हणेन.

तुझीच,
आई