अँबेसेडरचं पुस्तक

६ एप्रिल, जळगाव
ठरलं. यंदा आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, अक्काला पारोळ्याहून आणायचं ते नानांच्या अँबेसेडरनेच. तिचं लग्न झाल्यापासून नाना आखाजीला लेकीला याच गाडीतून माहेरी आणायचे. दोन वर्षं गाडी बंद, अक्का एस्टीने आली. तोंड उतरलेलं. भाऊ म्हणून मला फार लागलं ते. मिस्त्री म्हणतो भंगारात द्या. आता त्याला हातच लावू देणार नाही. स्वतः शिकणार. पुस्तक हवं.

९ एप्रिल
जुन्या पुस्तकवाल्याकडे अँबेसेडर दुरुस्तीची दोन निघाली. इंग्रजी जाडजूड, उशाला घ्यावं असं. हिंदी पातळ, पण चित्रं मोठी. हिंदी घेतलं. मोबाइलवर फुकट आहे म्हणे, पण ग्रीसच्या बोटांनी मोबाइल कोण...

१२ एप्रिल
डोकं फिरलं. पुस्तकात डिझेलपंप एकीकडे, आमच्या गाडीत भलतीकडे. एक नळी जुळेल तर शपथ. नाना ओट्यावर बसून दिवसभर मजा बघत होते. संध्याकाळी म्हणतात, "ते इंजिन जीपनं शे. धुयाले बसाडं व्हतं."
"जीपचं इंजिन, धुळ्याला बसवलेलं? नाना, आधी नाही का सांगायचं?"
"तू ईचारं का?"
रागाने जेवलो नाही. मग जेवलो.

१६ एप्रिल
धुळ्याला जाऊन जीपचं पुस्तक आणलं. तेलकट, पण पानं सगळी आहेत. पंप जुळला, जिवात जीव आला. आता इंजिन या पुस्तकाने, ब्रेक-स्टिअरिंग हिंदीने. जीपचं इंजिन अँबेसेडरला जिथे जोडलंय, ते मात्र दोन्हींत नाही.
नाना: "पुस्तकमा बठ्ठं नही ऱ्हास."
पुस्तकात सगळं नसतं, तर मग तिथलं नानांना विचारायचं. त्यांनाही निम्मंच आठवतं.

२३ एप्रिल
सुरू झाली. गल्लीभर धूर. नानांच्या डोळ्यांत पाणी, म्हणे धुराने. माझ्याही. ब्रेक चोख. क्लच अजून घसरतो.

२६ एप्रिल
क्लच परत आवळला. बांभोरीच्या पुलापर्यंत नेऊन आणली. येताना एकदा बंद पडली, पण परत चालू झाली.
घरी येतो तर अक्काचा फोन. "उद्या सकाळची एस्टी धरते रे. गाडीच्या नादात नानांना दमवू नको."
नाना गाडीतून उतरायला तयार नाहीत. पुढच्या सीटवर, मांडीवर दोन्ही पुस्तकं.
"एस्टी धरू नको," म्हटलं. "आम्ही येतो घ्यायला."
पलीकडून ती म्हणाली, "पुरणपोळ्या करून ठेवते."
बोलून तर बसलो.